खळीने चिकटवलेले पान

एका राज्यात बसायला जागा पुष्कळ होती, पण बसणारा कोणी नव्हता. पारावर सावली होती, ओसरीवर घोंगड्या होत्या, दरबारात सोन्याचे सिंहासन होते. पण माणूस टेकला रे टेकला की त्याच्या पायांत मुंग्या येत आणि तो उठे. सोनार उभ्याने घडवी, विणकर उभ्याने विणी, आणि राजा जयकेतू उभ्याने न्याय करी, त्यामुळे न्याय जरा घाईचाच होई. जेवणे उभ्याने होत. झोप आडवे पडून येई, तीही तुकड्यातुकड्यांनी. घरी पाहुणा आला तर त्याला 'बसा' असे कोणी म्हणत नसे. 'या, उभे राहा' म्हणत आणि पाण्याचा तांब्या हातात देत. असे का म्हणायचे, हे कोणी विचारले नव्हते. वाडवडील म्हणत आले, म्हणून लेकरेही म्हणत.

एवढ्यावर भागले असते तर लोकांनी तेही सोसले असते. माणूस काय, कशालाही सरावतो. पण दरसाल त्या राज्यात एका माणसाला चाल लागे. चाल लागलेला माणूस थांबत नसे. तो नगराच्या कोटाला फेऱ्या घाली, ऊन असो की पाऊस, आणि एकविसाव्या दिवशी मावळतीला पडे तो पुन्हा उठत नसे. यंदा चाल लागली ती येसूला. येसू ही राजाच्या बखरवाचकाची, त्रिमळपंताची, एकुलती एक लेक.

त्रिमळपंताचे काम वर्षातून एकदाच, पण मानाचे. राज्याच्या वाढदिवशी त्याने भर दरबारात राज्याची बखर वाचायची आणि वाचन संपले की राजाने म्हणायचे, 'हे खरे.' त्याच्या बापाने वाचली, आजाने वाचली. पोथीत बहात्तरावे पान आले की वाचक अंगठा ओला करी आणि दोन पाने एकदम उलटी. ही पाने एकमेकांना चिकटलेली होती. बापाने सांगितले होते, असेच उलटायचे. पंताने तीस वर्षे तसेच उलटले. आवाज गोड होता, शेला भरजरी होता, आणि चिकटलेल्या पानांत काय आहे असे त्याला एकदाही वाटले नाही. मला त्याचा रागच येतो, पण पुढचे ऐका.

नऊ दिवस पंत लेकीच्या मागे फिरला. चालता चालता तिला भाकरीचा तुकडा भरवी, चालता चालता तिच्या केसांत तेल घाली. वैद्य झाले, मांत्रिक झाले. नवव्या दिवशी येसू त्याला म्हणाली, "आबा, वाचन झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझे पाय सुटले. गेल्या साली कासाराचे तसेच झाले होते. तुम्ही वाचता तरी काय?"

पंत तडक पोथीशाळेत गेला, त्याने पोथी सोडली आणि चिकटलेली पाने आधणाच्या वाफेवर धरली. तीन पिढ्यांची खळ होती, ती हळूहळू सुटली. आत दोन्ही बाजू कोऱ्या होत्या. शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

खिडकीच्या कठड्यावर एक टिटवी येऊन उभी राहिली. टिटवी बोलली.

"शब्द होते. कोंडले म्हणून ते निघून गेले. त्यांना टेकायला पान नाही, म्हणून तुम्हाला टेकायला भुई नाही."

"कुठे गेले?"

"काही दगडात गेले, काही गाण्यात गेले. शेवटचा एका बाईच्या तोंडात आहे. तिन्ही पानावर आण, दरबारात वाच आणि राजाकडून खरे म्हणवून घे. तुझी लेक बसेल."

पंताने कोरे पान छातीशी बांधले आणि तो निघाला. टिटवी पुढे, पंत मागे.

पहिला मुक्काम राजतळ्याचा. हे तळे राजाच्या आजाने, वीरकेतूने, बांधले होते. बखरीत त्याचे वर्णन सतरा ओळींचे होते आणि त्यात एक ओळ अशी होती की, ती जागा ओसाड होती, तेथे कोणी राहत नव्हते. तळ्याच्या बांधाला, पाण्याखाली, एक शिळा होती आणि शिळेपाशी एक म्हातारी मगर पहारा देई. मगर म्हणाली, "बोटांनी वाच. जे कोरले आहे तेवढेच वाच. तीनदा चुकलास तर मी भुकेलेली आहे."

पंताने बुडी मारली. बोटे अक्षरांवरून फिरली आणि वर येऊन त्याने दरबारी आवाज लावला, "राजाधिराज, प्रजावत्सल, श्रीमान वीरकेतू महाराज..." शिळेवरची अक्षरे जागच्या जागी बुजून गेली. मगर एक हात पुढे सरकली. दुसऱ्या बुडीत त्याने बिरुदे गाळली, पण 'कृपावंत' हा शब्द जिभेवर आलाच. तीस वर्षांची सवय, ती काय एका बुडीत जाते? मगर आणखी सरकली. तिसऱ्या बुडीत पंताने श्वास कोंडला, डोळे मिटले आणि अक्षर सांगेल तेवढेच ऐकले. वर येऊन तो साध्या आवाजात म्हणाला, "सात वाड्यांच्या पाथरवटांनी बांध घालावा. पाणी भरेपर्यंत त्यांनी वाड्यांतच बसावे. राजाचा सांगावा येईल तेव्हा उठावे. मग तळ्याचा काठ त्यांचा."

म्हणजे तेथे माणसे राहत होती. छातीशी बांधलेल्या पानावर मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरे चढली आणि तेथे चुळबुळत राहिली. यात पाच दिवस गेले.

दुसरा मुक्काम डोंगरापलीकडच्या एका गावी. तेथल्या बायका उभ्याने जाते ओढीत. त्यासाठी त्यांनी जाती उंच ओट्यांवर मांडली होती. त्या दळताना गात, पण गाण्यात एका ठिकाणी त्या नुसते गुणगुणत. पंताने विचारले की, येथले शब्द कोठे गेले? त्यांतली थोरली, तिचे नाव हौसाक्का, पंताच्या हातांकडे पाहून हसली. "ऐकून न्हाई यायचे, पंत. खुंट्याला हात लावा. पायलीभर नाचणी दळा, मग बघू."

पंताचे हात पोथीचे. अर्ध्या शेरातच तळव्याला फोड आले, फुटले, खुंटा ओला झाला. बायका त्याची चेष्टा करीत होत्या, नंतर करीनाशा झाल्या. त्याने पीठ भरडे काढले की त्या पुन्हा दळायला लावीत. तीन दिवस त्याने दळले. तिसऱ्या दिवशी पायली भरत आली आणि जिथे सगळ्याजणी गुणगुणत, तिथे शब्द त्याच्याच तोंडातून आले. त्याच्या मागोमाग सगळ्याजणी गाऊ लागल्या:

राजाचा सांगावा येईल म्हणून बसले
पाणी आले उंबऱ्याला, तरी नाही उठले
लेकरू घेतले मांडीवर, म्हणे शब्द दिला राजाने
पाणी आले मांडीला गं, वाट पाहिली गावाने

हौसाक्काने जाते थांबवले. ती म्हणाली की, तिच्या आईची आई सात वाड्यांतून माहेरपणाला आली होती, म्हणून तेवढी वाचली. गाणे तिचे. शब्द गेले तरी गाण्याची चाल बायकांनी सोडली नाही. आणि ती रडू लागली. पंतही रडला. तीस वर्षे तो गोड आवाजात वाचत आला होता की ती जागा ओसाड होती, आणि आता त्याला स्वतःच्या गळ्याची लाज वाटली.

परत तळ्याशी येईपर्यंत विसावा दिवस उजाडला. नगराच्या कोटाकडून बातमी आली होती की येसूच्या पावलांतून रक्त येते आहे. पंताला वाटले, सरळ तिच्याकडे धावावे. टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालीत राहिली आणि त्याला तळ्याच्या मध्याकडे घेऊन गेली. तेथे बुडालेल्या देवळाचा कळस पाण्यावर होता. कळसाखालच्या कोनाड्यात कंकाई होती.

कंकाई ही सात वाड्यांतली शेवटची. त्या दिवशी ती लाकडे आणायला रानात गेली होती. परतून तिने पाणी पाहिले आणि शाप दिला: 'आम्ही तुमच्या शब्दावर बसलो. आता तुमच्यातला कोणी बसणार नाही.' तेव्हापासून तिने तोंड उघडले नव्हते, कारण तिच्या तोंडात एक नाव होते आणि ते निसटू नये अशी तिची इच्छा होती. सांगावा घेऊन जो यायचा होता आणि आला नाही, त्याचे ते नाव. तिने बोटाने पाण्यावर लिहिले, 'नाव कोणाचेही निघो, वाचशील?'

"वाचीन," पंत म्हणाला.

तिने समोरच्या दगडाकडे बोट केले आणि पुन्हा लिहिले, 'बस.'

पंत बसला. पायांत मुंग्या आल्या, अंगातला कणन् कण त्याला ऊठ म्हणू लागला. कंकाईने पाण्याला खूण केली आणि पाणी चढू लागले. ते घोट्याला आले, मांडीला आले. पंताला लेक दिसत होती. आता उठलो तर आजच तिच्यापाशी पोचेन, निदान हात तरी धरेन, हा विचार त्याला पाण्याहून जड झाला. पाणी छातीला आले. त्याने गाण्यातली बाई आठवली आणि मांडी मोडली नाही. पाणी हनुवटीला लागले तेव्हा कंकाईने तोंड उघडले.

"कान्हदेव," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा बाप."

पाणी उतरले. मग तिने सगळे सांगितले. तळे पुरे झाल्याची राजवाड्यात पंगत होती. कान्हदेवाच्या पागोट्यात सांगावा खोचलेला होता की, पाणी सोडतो आहोत, उठा. त्याला निघायचेच होते. राजाने म्हटले, दोन घास खाऊन जा. तो बसला. वाढपी आग्रह करीत आले. राजाच्या पंगतीतून, शेजारचा जेवत असताना, मध्येच उठावे तर अपमान होतो. त्याने शेजाऱ्याची जिलबी संपायची वाट पाहिली, मग ताकाची, मग विड्याची. पंगत उठली तेव्हा दुपार टळली होती आणि पाणी ठरल्या वेळी सुटून गेले होते. वीरकेतूने स्वतःच्या हाताने बखरीतले त्या दिवसाचे पान चिकटवले आणि कान्हदेवाला वंशपरंपरेने बखर वाचायचा मान दिला.

"तो काही दुष्ट नव्हता," कंकाई म्हणाली. "भिडस्त होता."

एकविसाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पंत दरबारात पोचला. कंकाई त्याच्याबरोबर होती. तिला पाहून द्वारपाल बाजूला झाले. दरवाजातून कोटालगतची येसू दिसत होती, भिंत धरून चालणारी. पंताने पोथी उघडली, छातीशी बांधलेले पान तिच्यात जागच्या जागी ठेवले, पाने उलटली आणि बहात्तराव्याशी एकच पान उलटले. त्याने बिरुदे घेतली नाहीत. शिळा वाचली, गाणे वाचले, पंगत वाचली. वाचताना आवाज फाटला तो त्याने सावरला नाही.

राजा जयकेतू सिंहासनापाशी उभा होता. तो म्हणाला, "पंत, हे नाव तुमच्या आजोबांचे."

"होय, महाराज. वाचणारा त्यांचाच नातू."

"मी खरे म्हटले तर काठ सोडावा लागेल."

"होय."

"आणि नाही म्हटले तर?"

"आपण उभे आहातच, महाराज."

राजाने पानाकडे पाहिले. अक्षरे अजून चुळबुळत होती, ओळीतून उतरून कडेला जात होती. मग त्याने दरवाजाबाहेर पाहिले. येसूचा पाय अडखळला. राजालाही एक लेक होती आणि पुढच्या साली चाल कोणाला लागेल ते कोणी सांगितले नव्हते. त्याने मुकुट काढून सिंहासनावर ठेवला.

"हे खरे," राजा म्हणाला. "तेथे माणसे राहत होती."

अक्षरे पानावर बसली. शाई वाळली. कंकाईने एक मोठा श्वास सोडला, ती दरबाराच्या फरशीवर मांडी घालून बसली आणि तिच्यानंतर, एकेक करून, सगळे बसले. कित्येकांना गुडघे कसे वाकवायचे तेच कळेना. पंत मात्र धावत कोटाकडे गेला. येसू तटाच्या पायरीवर बसली होती. तिने दोन्ही पाय पुढे पसरले होते आणि ती त्यांच्याकडे पाहत होती.

"आबा, बसा," ती म्हणाली. हा शब्द तिला कोणी शिकवला नव्हता. पंत तिच्याशेजारी बसला आणि दिवस मावळेपर्यंत दोघे उठले नाहीत.

तळ्याचा काठ हौसाक्काच्या गावाला आणि पाथरवटांच्या बाहेरगावी दिलेल्या लेकींच्या वंशाला मिळाला. राज्यात पुन्हा पंगती बसू लागल्या. पंत कधी त्यांत बसला नाही, तो वाढायला उभा राही. त्याला कसला शाप नव्हता, त्याचे त्यालाच तसे वाटे. आणि त्या राज्यात एक नवी रीत पडली, ती अजून पाळतात. पंगत ऐन रंगात असो, शेजारी खुद्द राजा जेवत असो, ज्याच्या पागोट्यात कोणाचा सांगावा आहे त्याने भरल्या पानावरून उठावे. त्याला कोणी आग्रह करीत नाही. वाढपी बाजूला होऊन वाट देतो आणि म्हणतो, जा, ते वाट पाहत असतील.