लहानांना चाळीस

एकदा एक परिचारिका, सहा वर्षे नोकरी करून झाल्यावर, पुन्हा विद्यार्थिनी झाली. डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसे रुग्णालय होते आणि तिथे एक वृद्ध शिक्षिका अशा अनुभवी परिचारिकांना वर्षभर शिकवीत असत. या शिक्षणाला नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण म्हणतात. म्हणजे असे, की जिथे डॉक्टर पोहोचत नाहीत अशा गावात जाऊन रुग्ण तपासायचा, औषध द्यायचे, आणि कुणाला घरी पाठवायचे, कुणाला मोठ्या रुग्णालयात, हे स्वतः ठरवायचे. आजवर दुसऱ्याने सांगितलेले करणाऱ्या हातांना आता स्वतःच्या निर्णयाची सवय लावायची. सोपे नाही ते. त्या वृद्ध शिक्षिकेला सगळ्या नुसते ‘बाई’ म्हणत.

तिथला नियम असा की विद्यार्थिनीने पन्नास बालके आपली आपण तपासायची, प्रत्येकाचा कागद भरायचा आणि खाली बाईंची सही घ्यायची. पन्नास सह्या झाल्या की प्रमाणपत्र. या विद्यार्थिनीच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. तिच्यासाठी एका गावातले केंद्र ठरलेसुद्धा होते. तिथल्या सरपंचबाईंचा फोनही येऊन गेला होता, “सिस्टर, खोलीला रंग दिलाय, निळा. चालेल ना? आणि येताय कधी?”

त्या कागदावर एक चौकट होती, ‘श्वास’. बाळाचे झबले वर करून, घड्याळ समोर धरून, पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहायचे आणि मोजायचे. बाळ त्या वेळी रडत नसावे, अंगावर पीत नसावे. बाहेर चाळीस माणसांची रांग असताना एक मिनिट फार मोठे असते. म्हणून परिचारिकांमध्ये एक म्हण होती, ‘मोठ्यांना वीस, लहानांना चाळीस’. ती कोणत्याही पुस्तकात नव्हती, वर्गात कुणी शिकवली नव्हती, पण पहिल्या महिन्यातच प्रत्येकीला येत असे. मोजायला वेळ नसला की तो आकडा लिहून टाकायचा. हे खोटे आहे असे कुणाला वाटत नसे, कारण सहसा ते खरेच निघत असे.

पन्नासावे बाळ सात महिन्यांचे होते. त्याची आई डोंगरावरच्या वस्तीतून चालत आली होती.

“काय होतंय बाळाला?”

“ताई, कालधरनं ह्याचं पोट उडतंय.”

विद्यार्थिनी शहरात वाढलेली. तिने ‘पोट’ ऐकले आणि पुढचा प्रश्न पोटाचाच विचारला.

“शी पातळ होतेय का?”

“व्हय, झाली एक-दोनदा.”

“दूध?”

“मधीच सोडतंय. पुन्यांदा घेतंय, पुन्यांदा सोडतंय.”

विद्यार्थिनीने ताप पाहिला, पोट दाबून पाहिले, क्षार-साखरेची पाकिटे दिली, कशी पाजायची ते समजावून सांगितले. कागदावर सगळे लिहिले. श्वासाच्या चौकटीत चाळीस लिहिले. शेजारच्या टेबलावर बाई दुसऱ्या रुग्णाशी बोलत होत्या. कागद समोर येताच त्यांनी वरून खाली नजर फिरवली आणि सही केली. पन्नासावी.

थोड्या वेळाने बाई पाणी प्यायला ओसरीवर आल्या. ती आई पायरीवर बसली होती आणि शेजारी बसलेली दुसरी एक आई तिला विचारत होती, “काय म्हनल्या गं?”

“पोटाचं औशिद दिलंय. पन ह्याचं पोट उडायचं थांबंना बघ.”

बाईंचा हात तिथेच थांबला. त्या भागात ‘पोट उडतंय’ याचा अर्थ पोटाच्या दुखण्याशी काही देणेघेणे नसलेला आहे. बाळाला धाप लागली आणि पोट भराभर वरखाली होऊ लागले की आया असे म्हणतात. बाईंनी त्या आईला आत नेले, बाळाला तिच्या मांडीवर नीट निजवले, झबले वर केले, आपल्या मनगटावरचे घड्याळ काढून विद्यार्थिनीसमोर धरले आणि एवढेच म्हणाल्या, “मोज.”

चौसष्ट. या वयाला पन्नास म्हणजेच फार. शिवाय प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. त्यासाठी मोजायचीसुद्धा गरज नव्हती, झबले वर करायची मात्र होती.

मग धावपळ. इंजेक्शन दिले, प्राणवायू लावला, गाडी बोलावली. बाईंनी विद्यार्थिनीला सोबत पाठवले. जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पाऊण तास तिने बाळाच्या तोंडावर मास्क धरून ठेवला आणि आईकडे एकदाही पाहिले नाही. आई मात्र तिच्याकडेच पाहत होती, देवाकडे पाहावे तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तिचे पन्नासही कागद टेबलावर काढले. विद्यार्थिनी समोर उभी राहिली. तिला वाटले, आता कागद फाडतील, निदान बोलतील तरी. बाईंनी पेन उघडले आणि पहिल्या कागदावरची स्वतःची सही खोडली. तिच्याखाली लिहिले, ‘श्वास मोजला होता की नाही, हे मी पाहिले नाही.’ पुढे तारीख घातली. मग दुसरा कागद. मग तिसरा. विद्यार्थिनीने लिहिलेल्या एकाही आकड्याला त्यांनी हात लावला नाही.

सतराव्या कागदाला विद्यार्थिनीला राहवेना. “बाई, थांबा ना! हे कागद तपासणीला वर जातात. तुमच्या नावाला बट्टा लागेल. चूक माझी आहे.”

“तुझी चूक तुझ्या ओळीत आहे, तिथे मी कशी लिहू? मी माझ्या ओळीत लिहितेय.”

“पण तुम्ही काय केलंत?”

बाई थांबल्या. त्यांनी चष्मा काढला. मग हळूहळू म्हणाल्या, “एकोणपन्नास मुलं. कुणी महिन्याचं, कुणी तीन वर्षांचं, कुणी तापलेलं, कुणी नुसतं लस घ्यायला आलेलं. त्यातल्या पस्तीसेक जणांचा श्वास बरोबर चाळीस. अगं, असं कुठं असतं का? आणि ते बघून मला आश्चर्य वाटलं नाही. छत्तीस वर्षं मी हे शिकवतेय. मला आश्चर्य वाटायचं बंद कधी झालं, तेच आठवत नाही.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “तू चौकट रिकामी ठेवली असतीस ना, तर मी विचारलं असतं, ‘हे राहिलं का गं?’ रिकाम्या चौकटीपाशी पुढचा माणूस थांबतो. तू चाळीस लिहिलंस आणि मी पुढे गेले. न मोजणं एकवेळ घाईनं होतं, बाळा. पण मोजल्याचं लिहिलं की आपल्यामागून येणाऱ्या सगळ्यांना आपण मोजण्यापासून सोडवतो. उद्या तू गावात एकटी असशील. तुझ्यामागून कुणी येणारच नाही.”

विद्यार्थिनीचे कान तापले. तिने शेजारची खुर्ची ओढली, आणि बाईंनी बाजूला ठेवलेले कागद एकेक करून जवळ घेतले. आठवून आठवून चौतीस कागदांवर तिने चाळीसच्या पुढे लिहिले, ‘मोजले नाही.’ दोन कागदांविषयी तिला आठवेना. तिथे तिने ‘आठवत नाही’ असे लिहिले. त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागला.

प्रमाणपत्र अर्थातच लांबले. तिने सरपंचबाईंना फोन करून कळवले की अजून काही महिने लागतील. त्या म्हणाल्या, “का हो, नापास झालात की काय?” आणि हसल्या. ती म्हणाली, “हो.” त्यावर पलीकडचे हसणे थांबले.

बाराव्या दिवशी ती आई आली. बाळ कडेवर, पिशवीत खण आणि नारळ. बाह्यरुग्ण विभागात सगळ्यांदेखत नारळ हातात घेऊन ती विद्यार्थिनीसमोर उभी राहिली. “ताई, वटी भरायची हाय तुमची. डॉक्टर म्हनले, येळंवर आनलं म्हनून हाताशी लागलं. तुमी तोंडावर त्ये धरून बसल्या हुत्या, म्या बगितलंय. तुमच्यामुळं माझा स्वराज ऱ्हायला.”

बाई आपल्या टेबलावर काही लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. विद्यार्थिनीने पदर पसरून ते घेतले असते तर कुणालाही काही कळले नसते. रांगेतल्या बायका कौतुकाने पाहत होत्या. एकीने तर डोळे पुसले.

“मी नाही वाचवलं त्याला,” विद्यार्थिनी म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावे लागले. “त्या दिवशी मी त्याचा श्वास मोजलाच नव्हता. आणि मोजला असं कागदावर लिहिलं. तुम्हाला घरी पाठवत होते मी. या बाईंनी ओसरीवर तुमचं बोलणं ऐकलं म्हणून.”

आईला समजायला जरा वेळ लागला. मग तिने नारळ पिशवीत परत ठेवला आणि पिशवीचे बंद आवळले. “आन् म्या त्या पायरीवर टेकली नसती तर?”

विद्यार्थिनीने खाली मान घातली. मोठ्याने बोललेल्या शब्दांपेक्षा ते पिशवीचे बंद आवळणे तिला जास्त लागले.

आता ही निघून जाणार, असे सगळ्यांना वाटले. ती मात्र स्टुलावर बसली. बाळाला मांडीवर आडवे केले, त्याचे झबले आपल्याच हाताने वर केले आणि म्हणाली, “मोजा. म्या बी बघते.”

विद्यार्थिनी गुडघ्यांवर बसली. घड्याळ समोर धरले. छोटीशी छाती वर झाली, खाली आली. एक. दोन. बाविसाव्या श्वासाला बाळाने तिचे बोट धरले आणि खुदकन हसले.

“चुकलं माझं,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “पुन्हा पहिल्यापासून मोजू का?”

“मोजा की,” आई म्हणाली. “आज मला घाई न्हाई.”