रूथबाईंची सोय

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्यातलं बेट आता शोधायला गेलात तर सापडायचं नाही. खाडीच्या तोंडाशी ते बेट होतं आणि तिथले लोक मीठ पिकवत. जमीन खारट, विहिरीचं पाणी मचूळ. गवताचं पातं उगवायचं नाही, म्हणून बेटावर गाय नव्हती, बैल नव्हता, शेळीसुद्धा नव्हती. दूध लागलंच तर पलीकडच्या काठावरून नावेने यायचं. बाळांनो, हे नीट लक्षात ठेवा. गोष्ट पुढे याच्यावरच अडणार आहे.

बेटावर येशूला मानणारी तीसेक घरं होती. त्यांचं एक छोटं देऊळ होतं, एक पाळक होते, आणि शब्बाथशाळेत पोरांना शिकवणाऱ्या रूथबाई होत्या.

रूथबाई मूळच्या बेटावरच्या नव्हत्या. लांबच्या, गुराढोरांच्या गावातून लग्न होऊन त्या इथे आल्या. चार वर्षांत नवरा तापाने गेला. मूलबाळ नव्हतं, माहेरी कोणी उरलं नव्हतं. त्या बेटावरच राहिल्या आणि दर रविवारी पोरांना शास्त्रातल्या गोष्टी शिकवू लागल्या. बेटावर ज्यांना ज्यांना मिशा फुटल्या होत्या, त्या सगळ्यांचे कान बाईंनी कधी ना कधी पिळलेले होते. सगळे त्यांना फार मान देत. पण मान देणारं माणूस चार हात लांब उभं राहतं, आणि बाईंची सगळी वर्षं त्या चार हातांच्या अलीकडे एकटीने गेली.

एरवी दिवस कसाही सरायचा. नाताळचा मात्र सरता सरायचा नाही.

नवरा गेला त्या वर्षीच्या नाताळला एका घरी बाईंना जेवायला बोलावलं होतं. त्या पानावर बसल्या, पहिला घास घेतला, आणि आतून यजमानीण कुणाला तरी सांगत होती ते कानावर पडलं, "काय करणार, बिचारी एकटी. बोलवावंच लागतं." बाई मुकाट्याने जेवल्या. जेवल्या कसल्या, घास गिळले. पुढच्या वर्षी देवळाच्या पायरीवर कुणी विचारलं, "बाई, आज जेवायचं कुठे?" तेव्हा त्यांनी मान ताठ करून सांगितलं, "माझी सोय झालीय."

सोय झालीय म्हटल्यावर कोण कशाला आग्रह करील? पाळकीणबाईंना वाटे, शेजारच्या तबिताकडे असेल. तबिताला वाटे, पाळकांकडे असेल. तीस घरं एकमेकांवर भरवसा ठेवून निवांत जेवत. दुपारी पोरं फराळाची झाकलेली ताटं घेऊन यायची, बाईंच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि पळायची. करंज्यांचा ढीग लागायचा. खायला तोंड एक.

आणि बाई? त्या आदल्या दिवशीच भात शिजवून ठेवत. नाताळला त्यांच्या घरी चूल पेटत नसे. धूर दिसला तर लोकांना कळेल ना, की बाई घरीच आहेत! दार लावून, गार भात पुढ्यात घेऊन त्या बसत. बाहेर गाणी चालू असत. असे एक नाही, दोन नाही, सव्वीस नाताळ गेले.

सत्ताविसाव्या वर्षी पाळक म्हणाले, "बाई, मुलं वचनं घडाघडा म्हणतात, पण अर्थ विचारला की आढ्याकडे बघतात. यंदा त्यांना नाताळचा अर्थ शिकवा."

बाईंना जरा राग आला. सव्वीस वर्षं मग आपण काय मीठ फोडत होतो? पण रविवारी त्यांनी पोरांना विचारलं, "सांगा पाहू, नाताळ म्हणजे काय?"

"नवे कपडे!"

"करंज्या!"

"गप्प बसा. येशूबाळाला कुठे ठेवलं होतं?"

"गव्हाणीत!" सगळी एका सुरात ओरडली. "उतारशाळेत जागा नव्हती म्हणून!"

"शाब्बास. गव्हाणी म्हणजे काय?"

सगळ्यांनी आढ्याकडे पाहिलं. बाई चकित झाल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की ज्या पोरांनी उभ्या जन्मात गाय पाहिली नाही, त्यांना गव्हाणी कुठून ठाऊक असणार? आणि आपण हा शब्द सव्वीस वर्षं नुसता घोकून घेतला!

एक पोरगा धीर करून म्हणाला, "गव्हाची कोठी असेल. गहू, गव्हाणी."

"होडी असेल," दुसरा म्हणाला.

शेवटी तबिताची पाच वर्षांची करुणा उठली. "बाई, गव्हाणी ही बाई आहे."

पोरं खिदळली. करुणा मुळीच बिचकली नाही. "एकटी राहणारी म्हातारी बाई. उतारशाळेत माणसंच माणसं होती, म्हणून तिथे जागा नव्हती. गव्हाणीकडे कोणीच जात नाही, म्हणून तिच्याकडे जागा होती. मग तिच्या मांडीत ठेवलं बाळाला."

बाईंच्या छातीत कळ आली. कळ आली की त्या चिडत, तशा चिडल्या. "काहीतरीच बोलू नकोस! गव्हाणी म्हणजे गोठ्यात गाईला चारा घालायची जागा. लाकडाची नाहीतर दगडाची. चारा घातला की गाय त्यात तोंड घालून खाते."

करुणाचा चेहरा उतरला. पण प्रश्न संपले नव्हते. "मग त्यात चारा नव्हता?"

"संपला असेल. गाईने खाल्ला असेल."

"आणि भरलेली असती तर?"

"भरलेली असती तर बाळाला कसं ठेवता आलं असतं?" बाई म्हणाल्या. "रिकामी होती म्हणून तर..."

त्यांचं वाक्य तिथेच राहिलं. बाई उगीचच पदराने फळा पुसू लागल्या. पोरांना वाटलं, आपण काहीतरी चुकलो. करुणाने तर रडायची तयारी केली.

त्या आठवड्यात बाईंना अन्न गोड लागेना. येता-जाता त्यांना माहेरचा गोठा आठवे, आणि मग आपलं घर दिसे. घर तर रिकामंच होतं. पण विचारणाऱ्या प्रत्येकाला आपण काय सांगत आलो? भरलेलं आहे. सोय झालीय.

नाताळचा दिवस उजाडला. उपासना संपली. पायरीवर पाळकीणबाईंनी नेहमीसारखंच हसून विचारलं, "काय बाई, झाली ना सोय?"

"झाली..." जिभेला सवय होती, ती आपणहून बोलून गेली. पाळकीणबाई पाठमोऱ्या झाल्यासुद्धा. आता पुन्हा गार भात, पुन्हा लावलेलं दार. लोक बिचारी म्हणतील. म्हणू देत.

"थांबा," बाई म्हणाल्या. आवाज इतका मोठा निघाला की सगळेच थांबले. "नाही झाली. माझी सोय नाही झालेली. कधीच झालेली नव्हती."

पाळकीणबाई गोंधळल्या. "अहो, तुम्ही तबिताकडे जेवता ना दरवर्षी?"

"आमच्याकडे?" तबिता म्हणाली. "मी तर समजत होते, तुमच्याकडे!"

मग हिने तिच्याकडे पाहिलं, तिने दुसरीकडे. एका म्हाताऱ्या आजीने डोळ्याला पदर लावला. आतून 'बिचारी' म्हणाली होती ती हीच, पण तिला ते आठवतही नव्हतं.

करुणाला यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं, की बाई जेवलेल्या नाहीत. तिने येऊन बाईंचं बोट धरलं आणि ओढलं. "चला ना. आमच्याकडे वडे आहेत. गार होतील."

त्या दुपारी बाई तबिताकडे जेवल्या. गरम वड्याचा पहिला तुकडा मोडताना त्यांना सव्वीस वर्षांचं रडू एकदम आलं. गेलेले सव्वीस नाताळ काही परत मिळाले नाहीत. ते कुणालाच मिळत नाहीत. पण त्यानंतर बाई अकरा वर्षं जगल्या आणि अकराही वर्षं नाताळला कुणाच्या ना कुणाच्या घरी पोरांच्या पंगतीत बसून जेवल्या. पोरांनी अर्थ विचारला की त्या सांगत, "देव आला तेव्हा भरलेली घरं बंद होती. जे रिकामं होतं आणि उघडं होतं, तिथे तो उतरला. नाताळ म्हणजे एवढंच."

आणि बेटावर एक नवी रीत पडली. नाताळच्या दिवशी तिथे कुणीही कुणाला 'सोय झाली का' असं विचारत नसे. सरळ हात धरत आणि घरी नेत.

तात्पर्य : आपलं रिकामेपण लपवू नये आणि दुसऱ्याची सोय झालीच असेल असं गृहीत धरू नये; प्रेमाला उतरायला ती रिकामी जागाच लागते.