सखाहरी परदेशात काय सोडून आला

कुरणेवाडी गावात सखाहरी नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, हीच काय ती त्याची खोड. कुणी काही सांगितलं की तो खांद्यावरच्या उपरण्याला गाठ मारायचा आणि ते केलं की गाठ सोडायचा.

त्याच्या लेकीनं आईबापाला युरोपच्या सहलीला धाडलं. बायको हौसाबाई हरखून गेली. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला तालुक्याच्या जत्रेपलीकडं काही दाखवलं नव्हतं, आणि चार शब्द गोड बोलणं तर दूरच. निघताना शेजारची गंगूआत्या म्हणाली, "लांबच्या यात्रेला गेलं की सगळ्यात आवडतं ते तिथंच सोडून यायचं, बरं का. तवा यात्रा फळती. म्या काशीला वांगं सोडलं, आजवर तोंडाला लावलं न्हाई."

सखाहरीनं गाठ मारली. हौसाबाईला वाटलं, आता हे गूळ सोडणार. भाकरीपेक्षा गूळच जास्त खाणारा माणूस तो! तिनं गुपचूप पिशवीत गुळाचा खडा टाकला. शेवटचा खाऊन घेऊ दे बिचाऱ्याला.

विमानतळावर लेक म्हणाली, "बाबा, नुसतं मोठमोठं बघू नका. बारीकसारीक पण बघा."

सखाहरीनं दुसरी गाठ मारली.

पॅरिसच्या उंच मनोऱ्याखाली सदतीस माणसं माना वर करून उभी राहिली. अडतिसावा सखाहरी पालथा पडला. तिथं मुंग्या पावाचा चुरा ओढून नेत होत्या. तो त्यांच्या बिळापर्यंत सरपटत गेला. बस तासभर खोळंबली.

"काका, जमिनीवर काय बघता?" सहल नेणारी शर्वरी वैतागली. "इथं मान वर करून बघायचं!"

"बरं," म्हणून त्यानं गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी ॲमस्टरडॅम. तिथं रस्त्याच्या कडेनं कालवे. सखाहरी मान वर करून चालला. एका खिडकीत लाल फुलं होती, दुसरीत मांजर, तिसरीत वाळत घातलेले सात मोजे, सातही वेगळ्या रंगांचे. आठवा कुठं गेला म्हणून तो बघत राहिला आणि थेट कालव्यात पडला.

"काका, पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर ठेवून चालायचं हो!" शर्वरी रडकुंडीला आली.

"बरं." गाठ.

तिसऱ्या गावी मोठं संग्रहालय होतं. दारात रांग लागली. तेवढ्यात एक टपालवाला रांग आडवी कापून गेला आणि सखाहरीच्या पुढं त्याचीच पाठ आली. सखाहरी निघाला तिच्या मागं. सत्तावीस घरं फिरला. एका अंगणात म्हातारा बदकांना नावानं हाका मारत होता, एका दारात पोरगी शिट्टी वाजवायला शिकत होती. संध्याकाळी पोलिसांनी त्याला हॉटेलवर आणून सोडलं.

हौसाबाई पायरीवर रडत बसली होती. "आवं, मला हितं दुसरं कोन हाय? मुंग्या बगता, मोजे बगता, परक्याची बदकं बगता. पस्तीस वर्सांत माझ्याकडं कधी बगितलंत?"

सखाहरीनं उपरण्याची टोकं उलटीपालटी करून पाहिली. यावर काय करायचं ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

शर्वरीनं हात जोडले. "काका, उद्या दुपारी विमान आहे. राहिलेलं काय ते सकाळी उरका आणि दहाला बसमध्ये येऊन बसा. एकही मिनिट उशीर नको!"

सकाळी सखाहरीनं उपरणं चाचपलं. सगळ्यात जुनी गाठ तशीच होती. तो हौसाबाईला घेऊन तळ्याकाठी गेला. सगळी बाकडी बसून पाहिली. ज्याच्यावर ऊन होतं आणि जिथून हंस जवळून दिसत होते, त्यावर तिला बसवलं.

"हितंच बस हं," तो म्हणाला. पिशवीतला गुळाचा खडा काढून त्यानं तिच्या हातात दिला आणि डोळे पुसत निघाला. उन्हानं डोळ्यांत पाणी आलं असेल, असं हौसाबाईला वाटलं.

दहाला पाच कमी असताना तो बसमध्ये हजर. शर्वरीनं कौतुकानं त्याची पाठ थोपटली. बस सुटली. मग तिनं माणसं मोजली.

"काका, काकू कुठायत?"

"सोडली."

"कुठं सोडली?"

"तळ्यावर. आत्यानं सांगितलं हुतं."

सखाहरीनं गाठ दाखवून सगळं सांगितलं. शर्वरीनं कपाळाला हात लावला. "अहो काका, सोडायचं म्हणजे वांगं, गूळ, असलं काहीतरी!"

"गूळ आवडतो की," सखाहरी म्हणाला. "पन आत्या म्हनली, सगळ्यात."

ड्रायव्हरनं बस वळवली.

हौसाबाई बाकावर लालबुंद होऊन बसली होती. शर्वरीनं धापा टाकत तिला घडलं ते सांगितलं. हौसाबाई उठली, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. आता काकांचं काही खरं नाही, असं सगळ्यांना वाटलं.

"काय म्हनालात बसमदी?"

"सगळ्यात आवडतं ते सोडलं."

"पुन्ना म्हना."

"सगळ्यात आवडतं ते."

हौसाबाई परत बाकावर बसली. त्याला शेजारी बसवलं. खडा फोडून मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"काकू, चला ना! विमान!" शर्वरी ओरडली.

"थांब गं," हौसाबाई म्हणाली. "हां. पुन्ना म्हना."

अडतीस माणसांचं विमान चुकलं.