घाण्यावरची ओळ

नदीकाठच्या एका गावात एक तेली आणि त्याची बायको राहत असत. घाणा चांगला चाले, बैल धट्टाकट्टा होता, करडईच्या तेलाला गिऱ्हाईकही कमी नव्हतं. पण घरात आवाज म्हणून नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्यांची सहा वर्षांची लेक सगुणा तापाने गेली. तेव्हापासून नवराबायको कामापुरतंच बोलत. "जेवायला वाढलंय." "बैलाला पाणी पाजलं का?" एवढंच. लेकीचं नाव तर दोघांनीही तोंडातून काढलं नव्हतं.

एकदा गावात एक कासारीण आली आणि तेल्याच्या अंगणात बांगड्या भरायला बसली. तेलिणीचा हात राठ झाला होता, बांगडी चढेना. कासारीण तिची बोटं दाबत सहज म्हणाली,

"हात सैल सोड बाई,
काचेला गं नाही घाई."

तेलीण हसली. घाण्यापाशी बसलेल्या तेल्याने चमकून मान वर केली. किती दिवसांनी ऐकलं होतं ते हसणं!

"मावशी, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" तेलिणीने विचारलं.

"कोण शिकवणार? हात मऊ पडावा म्हणून काहीबाही बोलते. बोलता बोलता जुळतं."

"मला जमेल?"

"घरात काय काय आहे तुझ्या?"

"घाणा, बैल, चूल. आणि एक न बोलणारा माणूस."

"मग चिक्कार आहे की!" कासारीण म्हणाली, आणि पेटी उचलून पुढच्या दारी गेली.

दुसऱ्या दिवशी करडई घाण्यात ओतताना तेलीण पुटपुटली,

"बैल चाले गोल गोल,
दाणा सोडी आपली ओल."

तेल्याच्या कपाळाला आठी पडली. काव्य म्हणजे देवळातल्या बुवांनी सणावाराला म्हणायचं, असं त्याला वाटे. पण तेलीण थांबेना. चुलीला एक ओळ, केरसुणीला एक ओळ. चार दिवस त्याने ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी तो खेकसला, "पुरे झालं! लोक हसतील आपल्याला. तेल्याच्या घरात कसलं आलंय काव्य?"

तेलीण गप्प झाली. त्या दिवशी ती बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. पण तेल्याला आता ते सोसवेना. दाणे ओतायला ती आली की त्याचे कान आपोआप टवकारत. ती मुकाट्याने परत जाई आणि त्याला चुकल्या-चुकल्यासारखं वाटे. आपणच तिला गप्प केलं, हे त्याला कळत होतं. माफी कशी मागायची, ते मात्र कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तेलीण रिकामी पाटी घेऊन निघाली, तेव्हा त्याने घसा खाकरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"पेंड गेली बैलाला,
तेल गेलं गावाला..."

पुढे काही सुचेना. तेलीण उंबऱ्यात थबकली. मग वळून हळूच म्हणाली,

"दोघांमध्ये उरलं काय,
सांगा बरं मला?"

बैलाने दोन फेरे घातले, तिसराही घातला.

"सगुणा," तेली म्हणाला.

ते कशालाच जुळत नव्हतं, पण दोघांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. तेलीण खाली बसली. दोघंही रडली, आणि मग बोलत बसली. लेकीचं बोबडं बोलणं, पेंडीचा तुकडा पळवायची तिची खोड, तापातली शेवटची रात्र, सगळं. त्या दिवसाचं तेल दुपार कलल्यावर निघालं.

तेव्हापासून त्या घरात रोज एखादी तरी ओळ होऊ लागली. चांगलीच होई असं नाही. कधी तेली जेवताना म्हणे,

"आमटीत मीठ फार झालं,
समुद्र का गं घरी आला?"

त्यावर तेलीण असा टोला देई की त्याला ठसका लागे. तेल न्यायला आलेल्या बायाही दाराशी रेंगाळू लागल्या. एखादी आपल्या सासूवर ओळ टाकी, एखादी कोंबडीवर. आणि एखादीच्या घरी दुःख झालं की बाया तिला आणून घाण्यापाशी बसवत. ती पहिल्या दिवशी काहीच बोलत नसे. तिला कुणी घाई करत नसे.

तात्पर्य: कविता ही सणावारासाठी जपून ठेवायची वस्तू नाही. रोजच्या कामात तिला जागा दिली, तर एरवी ओठांवर न येणारं मनातलंही बोलता येतं.