आवडाईची पकड

त्या मुलखात पूल नव्हते. मधोमध खोल दरी होती, दोन्ही काठांवर वस्ती होती आणि इकडच्याला तिकडच्याची गरज रोजच पडे. म्हणून प्रत्येकापाशी एक दोरी असे, एकच. ज्याच्याकडे काम असेल त्याच्या खिडकीकडे ती भिरकावायची. खिडकीवरच्या राखणदाराने हिसका दिला म्हणजे 'ऐकलं'. मग पलीकडच्याने उलट हिसका द्यायचा, म्हणजे 'मीही ऐकलं'. एवढ्याने दोरी जुळे. राखणदार ती खुंटीला बांधी आणि तिच्यावरून टोपली सरकू लागे. काम झालं की एकाने दोरी सैल करायची, दुसऱ्यानेही सैल करायची आणि मगच ती ओढून घ्यायची. निरोप दोघांनी मिळून घ्यावा, अशी तिथली रीत.

दोरी तोडणं मात्र अभद्र. तोडायची ती चोराची, नाहीतर वैऱ्याची.

कासववैद्यांच्या खिडकीवर आवडाई नावाची घोरपड राखण करी. घोरपडीची जात ती. धरायला सांगावं लागत नाही आणि सोडायला सांगून उपयोग नाही. तिच्याआधी त्या जागेवर एक घुबड होतं. ओट्यावरच्या खुंट्या भरल्या की ते डोळे मिटून बसे. येणारी दोरी कातळावर आपटून खाली घसरे. पलीकडचा ती ओढून घेई, थोडं थांबून पुन्हा फेकी, मग त्याच्या दुप्पट थांबून पुन्हा. ऐकू गेलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे त्या बिचाऱ्याला कधीच कळत नसे. आवडाईला ते बघवत नसे. जागा तिच्याकडे आल्यावर तिने ठरवून टाकलं, की आपल्या खिडकीवर आलेल्या प्रत्येक दोरीला हिसका मिळेल.

एका थंडीत समोरच्या काठावर धापेची साथ आली. वैद्यबुवांचा हात गुणाचा, पण शेवटी कासवाचा. खुंट्या सकाळीच भरल्या. पुढच्या दोऱ्या आवडाईने नखांत धरल्या, मग पोटाखाली घेतल्या, मग शेपटीला गुंडाळल्या. प्रत्येकीला हिसका दिला. समोरचे लोक तिला दुवा देत होते आणि वैद्यबुवा खलात औषध घोटता घोटता खूश होते.

“धर गं, धर,” ते म्हणाले. “किती दोऱ्या लोंबताहेत ते दिसू दे सगळ्यांना. घराचा मान असतो तो.”

उन्हं वर आली तेव्हा गोंदा मुंगूस आपल्या लेकीला पाठीवर घेऊन समोरच्या कड्यावर आला. ठकी तिचं नाव. तिच्या छातीतली शीळ दरी ओलांडून इकडे ऐकू येत होती. गोंद्याने दोरी फेकली. आवडाईने हिसका दिला, त्याने उलट हिसका दिला आणि तो मटकन खाली बसला.

“लागली गं ठके! दोरी लागली बघ आपली!”

आवडाईने मागे वळून खुंट्या पाहिल्या. मग शेपटी पाहिली. गोंद्याची पाळी आज यायची नव्हती, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पण 'नाही' कसं म्हणायचं? तिने पकड आणखी घट्ट केली. तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

दुपारी खालच्या अंगाने एक पाकोळी उडत आली आणि ओट्यावर टेकली.

“आवडाबाई, तिकडे दरीच्या वळणावर भारद्वाजवैद्य माशा मारत बसलाय की! सगळ्या खुंट्या मोकळ्या. त्याच्याकडे कुणी जात कसं नाही?”

“जातील कसे?” आवडाई हळूच म्हणाली. “त्यांच्या दोऱ्या माझ्या शेपटीत आहेत.”

तिने पाकोळीलाच गोंद्याकडे पिटाळलं. पाकोळीने सगळं सांगितलं. गोंदा उलट तिच्याच अंगावर धावला.

“जुळलेली दोरी टाकून जाऊ व्हय? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला मी काय खुळा हाय?”

मग आवडाईने रीतीप्रमाणे दोरी सैल केली. गोंद्याला वाटलं, बाई दमली. त्याने दोरी ताणून घेतली. तिने पुन्हा सैल केली, त्याने पुन्हा ताणली.

“आवडाक्का, घट धरा हो!” तो ओरडला. “पोर तुमच्याच भरवशावर हाय माझी!”

ठकीची शीळ आता तुटक येऊ लागली होती. नुसती सोडून दिली, तर दोरी निसटली समजून गोंदा ती पुन्हा इथेच फेकणार. आवडाईने मान वळवली, आपल्या नखालगत दोरी दातांत धरली, म्हणजे जास्तीत जास्त दोरी त्याच्यापाशी राहावी, आणि चावून तोडली.

गोंदा उताणा पडला. उठला तो तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतच.

“दोरतोडे! तुझं वाटोळं हुईल गं, दोरतोडे!”

मग त्याने तुटकी दोरी गोळा केली, लेकीला पाठीशी बांधलं आणि वळणाकडे धावत सुटला. आवडाईने नखांतल्या उरलेल्या दोऱ्या तोडल्या, पोटाखालच्या तोडल्या, शेपटीच्या तोडल्या. समोरचा काठ खवळला. दगड आले, शिव्या आल्या. वैद्यबुवांनी सावकाश मान वर केली.

“अगं, हे काय केलंस? घराचं नाक कापलंस!”

“खुंट्यांवरच्या आहेत ना जागेवर,” ती म्हणाली. “त्या बघा.”

त्या दिवसापासून तिने नवा शिरस्ता पाडला. खुंट्या भरलेल्या असल्या की ती येणारी दोरी जमिनीला टेकूसुद्धा देत नसे. शेपटीच्या एका फटक्यासरशी ती जिकडून आली तिकडे परत. समोरच्याला राग यायचा, पण थांबायचं की दुसरीकडे जायचं हा प्रश्न उरत नसे. आवडाई हे नाव मात्र लोक विसरले. तिला दोरतोडी म्हणू लागले, कुणी बारशाला बोलवीना, रडणाऱ्या पोरांना तिचं भय घालू लागले. तिला याचं फार वाईट वाटे. त्याहून वाईट हे वाटे, की त्या मुंगसाच्या पोरीचं काय झालं ते कुणी सांगत नव्हतं, आणि विचारावं तर कुठल्या तोंडाने?

साथ ओसरली. उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी समोरच्या कड्यावर पोरांचा घोळका जमला आणि आरोळी उठली, “दोरतोडीऽ! दोरतोडीऽ!” आवडाई आत वळणार, तोच तिला घोळक्यामागे गोंदा दिसला. तो एका पोरीला पुढे ढकलत होता.

“वरड गं ठके! हीच ती! हिनंच तोडली आपली दोरी!”

ठकीने छाती भरून घेतली आणि एका दमात अशी आरोळी ठोकली की दरी दुमदुमली. मधे कुठे शीळ नाही, कुठे अडखळ नाही.

“खिडकी लाव गं,” आतून वैद्यबुवा करवादले. “कान किटले.”

आवडाई सरपटत ओट्याच्या पार टोकाशी गेली, हनुवटी कातळावर टेकली आणि शिवी संपेपर्यंत ऐकत राहिली. संपल्यावरही ती तिथून हलली नाही. पोरगी पुन्हा ओरडेल, म्हणून वाट बघत राहिली.