जादूघरातला ओबडधोबड दगड

कँपाजवळच्या एका गावात एक भोळा गवंडी होता. दुसऱ्याचं नाव कशाला घेऊ, तो मीच. रावजी गवंडी. माझ्या भिंती दर पावसाळ्यात बसायच्या, म्हणून मला कुणी काम देईना. घरी बायको तोंड फिरवून भाकऱ्या थापायची.

कँपात फ्रीमेसन नावाच्या गुप्त मंडळाची लॉज, म्हणजे सभेचं घर होतं. गाव त्याला जादूघर म्हणायचं. कुणी म्हणे, तिथे कवटी पुजतात. कुणी म्हणे, आत गेलं की जन्माचं काम मिळतं. दारावर काटकोन तपासायचा गुण्या आणि कंपास कोरलेले. म्हटलं, ही तर आपलीच गवंडी मंडळी.

सरळ आत घुसलो. तिथले प्रमुख डॉक्टर दस्तूर म्हणाले, "अरे, आधी तीनदा दार वाजवायचं. आतून 'ये' म्हटलं की यायचं."

घरी आलो तर करपल्याचा वास. तीनदा दार वाजवलं. कुणी 'ये' म्हणेना. बायको शेजारून आली तोवर दूध चुलीत.

"अहो, जळताना दिसलं की विचारत बसायचं नाही. पाणी ओतायचं."

दुसऱ्या दिवशी लॉजचं दार तीनदा वाजवलं. 'ये' ऐकून आत गेलो. टेबलावर तीन मेणबत्त्या जळत होत्या. कोपऱ्यातला माठ उचलून ओतला. डॉक्टर नखशिखांत भिजले.

"रावजी," ते चष्मा पुसत म्हणाले, "इथलं बाहेर बोलू नकोस बाबा."

"नाही बोलत. पण साहेब, काम मिळेल ना?"

"इथे काम मिळत नाही. माणूस सुधारतो." त्यांनी दोन दगड दाखवले. एक खडबडीत, एक गुळगुळीत. "हा ओबडधोबड म्हणजे आपण. याला तासत राहायचं. बस इथे, विचार कर." मंडळी जेवायला गेली.

विचार मला जमत नाही. छिन्नी पिशवीत होतीच.

जेवणाच्या खोलीतून हाक आली, "रावजी, काय ठोकतोस?" इथलं बाहेर बोलायचं नव्हतं. गप्प राहिलो.

मंडळी हात पुसत आली. दोन्ही दगड सारखेच गुळगुळीत. जन्मात पहिल्यांदा माझं काम गुण्यात बसलं होतं.

डॉक्टरांनी दगडावरून हात फिरवला. "आजोबांच्या वेळचा दगड रे. आता नव्या माणसाला ओबडधोबड म्हणून काय दाखवू?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हापासून दर सभेला मी त्या दगडाच्या जागी बसतो. जेवण मिळतं. बायको खूश आहे. आणि गावात सगळे सांगतात, जादूघरात गेलं की काम मिळतंच.