बोटं मिटून चालणारी पोर

एका जंगलात एक मोठं तळं होतं, आणि त्या तळ्यातल्या कमळाच्या पानांवर एक कमळपक्षी आपल्या पोरीला घेऊन राहत असे. हा पक्षी पाहिला नसेल तर सांगतो. अंगाने कबुतराएवढा, पण पायाची बोटं अशी लांब, की पाऊल टाकलं की निम्मं पान व्यापावं. त्यांच्यात पिल्लं आई वाढवत नाही, बाप वाढवतो. धोका दिसला की बाप पिल्लाला पंखाखाली दाबतो आणि उचलून चालू लागतो. खाली नुसते पाय लोंबतात. हसू नका. तुम्हालाही कुणीतरी असंच उचलून वाढवलंय.

तर ही पोर आता पंखाखाली मावेनाशी झाली होती. मान उंच झाली, आवाज बदलला, आणि बोटं तर विचारूच नका. रोज सकाळी तळ्यावरची सगळी पोरं उथळ पाण्यात किडे टिपायला शिकायला जमत. शिकवायला एक म्हातारा करकोचा होता. तो एका पायावर उभा राहून डुलक्या काढी. मग काय, पोरांच्या तोंडाला लगाम कोण घालणार?

"आली बघा, दंताळं घेऊन!" बदकाचा पोरगा ओरडला.

"अगं, पाय आहेत की काटक्यांचा भारा?" पाणकोंबडीची पोर म्हणाली. ती पोटापर्यंत पाण्यात बसली होती. "चुलीत घालायला देतेस का थोड्या?"

सगळी खिदळली. पोर आपल्या पायांकडे बघत राहिली. तिला काही उमगेना. कालपर्यंत याच पायांनी ती याच पाणकोंबडीशेजारी पाण्यात उभी राहत होती. मग रातोरात बिघडलं काय? दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्याबरोबर हसून बघितलं, तर म्हणाले, "निर्लज्ज आहे!" तिसऱ्या दिवशी गप्प बसली, तर म्हणाले, "फुगली बघा, फार शहाणी समजते!" रडली, तेव्हा पाणकोंबडी म्हणाली, "गंमत केली गं, एवढं काय लावून घ्यायचं?" आता ही गंमत होती का खरं होतं? गंमत असेल तर मनाला का लागतंय? आणि खरं असेल, तर आजवर बाबांनी सांगितलं कसं नाही?

तिने बापाला विचारलं, "बाबा, माझी बोटं वाईट आहेत का हो?"

"छान आहेत," बाप गोगलगाय फोडता फोडता म्हणाला. मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

"तुम्ही बाप आहात. तुम्हाला छानच दिसणार," पोर म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. बापाला वाटलं, वय वाढतंय, होतं असं. इथेच गाढवपणा झाला. पोर विचारते तेव्हा गोगलगाय बाजूला ठेवावी लागते.

मग पोरीने आपलीच एक तोड काढली. बोटं मुठीसारखी आत मिटायची आणि त्या मुठीवर चालायचं. पाय लहान दिसतील, बोलणं बंद होईल. काठाच्या कठीण मातीवर जमलंही. बदकाचा पोरगा त्या सकाळी काही बोलला नाही. पोरीला वाटलं, सुटले. अंग ठणकत होतं, पण सुटले.

घरी परतायचं म्हणजे पानांवरून जायचं. पोरं मागून बघत होती, म्हणून तिने बोटं उघडली नाहीत. तशीच मूठ पहिल्या पानावर टेकवली. आता कमळाचं पान काही फरशी नव्हे. भार सगळीकडे पसरला तर ते पेलतं, एका जागी आला तर खचतं. पान खचलं, पोर सरकली आणि थेट पाण्यात, कमळाच्या देठांच्या गुंत्यात अडकली. मान तेवढी वर. धडपडली तशी आणखी रुतली.

आधी पोरं हसली. मग हसणं थांबलं. करकोचा जागा झाला आणि "काय झालं, काय झालं?" करत भलतीकडेच बघू लागला.

बाप पानांवरून धावत आला. सवयीप्रमाणे पंख तिच्याखाली घातला, ओढलं, पुन्हा ओढलं. पोर हलेना.

"आता तू मला उचलवत नाहीस बाळ," तो धापा टाकत म्हणाला. "बोटं उघड! पानाच्या कडेला रोव!"

"बाबा, ते बघताहेत!"

"बघू देत! त्यांचे डोळे, त्यांना हवं तिकडे लावतील. पाय तुझे आहेत. उघड!"

पाणी चोचीला लागलं. बुडताना सुद्धा तिच्या डोक्यात तोच गोंधळ. उघडली तर हसतील, मिटली तर मरेन. आणि हे दोन्ही तिला सारखंच भयंकर वाटत होतं, ही खरी भीतीची गोष्ट. मग नाकात पाणी गेलं, आणि डोक्याने ठरवायच्या आत पायांनीच ठरवलं. बोटं फाकली. एका पायाची शेजारच्या पानावर रुतली, दुसऱ्या पायाची देठाला गुंडाळली. बापाने मागून रेटा दिला. पोर वर आली, चिखलाने माखलेली, बोटं अशी ऐसपैस पसरलेली.

काठावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बदकाचा पोरगा तर म्हणाला, "दंताळं वर आलं रे!" पण या वेळी सोबत कुणी हसलं नाही.

पोरीला रडू आलं होतं, तरी ती म्हणाली, "हो, आलं. आता बाजूला सरक. मला पाय टाकायला जागा लागते."

बाप मात्र तिथून थेट बदकिणीकडे गेला. "माझी पोर बुडत होती आणि तुझा लेक हसत होता," एवढंच म्हणाला. बदकिणीने लेकाला चोचीने धरून नेलं. तिथून बाप करकोच्याकडे जाऊन म्हणाला, "गुरुजी, झोपायचं तर घरी झोपा."

संध्याकाळी पाणकोंबडीची पोर एकटीच कमळांपाशी आली. पाण्यातून हळूच वर चढली, आणि पोर बघतच राहिली. तिचीही बोटं लांब होती. हिच्याएवढी नाही, पण चांगलीच लांब. म्हणून ती सदा पाण्यात बसायची!

"मी आधी बोलले नसते," पाणकोंबडी खाली बघत म्हणाली, "तर तो बदकाचा पोरगा मला बोलला असता."

पोरीला राग आला, कीवही आली, आणि यातलं काय खरं मानावं ते तिला कळेना. माफ करायचं की नाही, तेही त्या दिवशी ठरलं नाही. ती फक्त पानावर थोडी सरकली. पाणकोंबडीने भीत भीत आपला पाय शेजारी टाकला. पान पेललं.

तात्पर्य : कुणाच्या बोलण्यापायी आपलं अंग आखडून चालू नये, चाल बिघडते आणि बोलणारा थांबत नाही. मन दुखलं तर घरात सांगावं, आणि घरच्यांनी हातातलं काम खाली ठेवून ऐकावं.